आकडा दिसतो, पण त्याची तब्येत कशी आहे?

कामं आटपून रेडिओजवळ बसला असाल, तर पाच मिनिटं हात थांबवा. आज जरा वेगळ्या हिशोबाबद्दल बोलायचं आहे.

घरात लहानग्याचं अंग तापलं की आपण डिजिटल थर्मामीटर काखेत लावतो. कधी त्यावर आकडा येतो. कधी आकड्याऐवजी 'एल' आणि 'ओ' अशी दोन इंग्रजी अक्षरं येतात. कधी कोपऱ्यात बॅटरीची खूण लुकलुकते. 'एल-ओ' आलं म्हणजे ताप उतरला असं नव्हे. थर्मामीटर सांगतो आहे, "मला मोजता येतं त्याच्याही खाली दिसतंय, मला नीट लावलंय का ते बघा." बॅटरीची खूण सांगते, "मी आकडा देतेय, पण माझ्यावर फार विसंबू नका." म्हणजे हे एवढंसं यंत्र दोन गोष्टी सांगतं. एक, पोराचा ताप. दुसरी, स्वतःची तब्येत. आपण बहुतेक वेळा पहिलीच ऐकतो.

आम्ही न्हावा शेव्याच्या बाजूच्या बायका. पूर्वी इथे भातशेती होती, मिठागरं होती. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं आणि आमच्या अंगणापुढचं सगळं बदललं. कंटेनरच्या रांगा तर रस्त्यावरूनच दिसतात. पण कुंपणाच्या आत मोठमोठ्या टाक्याही आहेत. जहाजातून आलेलं खाद्यतेल, रसायनं, इंधन त्यांत साठवतात. या टाक्या किती भरल्या, किती तापल्या, त्यांत दाब किती, हे बघायला दर वेळी कोणी शिडी चढून जात नाही. ते काम यंत्रं करतात आणि आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावर येतात. आमच्यातल्या दोघी आयटीआय करून याच इन्स्ट्रुमेंटच्या कामावर आहेत. त्यांनी आम्हाला जे समजावलं, तेच आज तुमच्यासमोर मांडतो. कारण टाकीचा आकडा चुकला तर त्याची झळ कुंपणाच्या बाहेरही येते, आणि कुंपणाच्या बाहेर आपण राहतो.

आधी आकडा कसा प्रवास करतो ते बघू. टाकीवर एक सेन्सर असतो. त्याला तेलाची उंची कळते. त्याच्याजवळचा ट्रान्समीटर त्या उंचीच्या प्रमाणात तारेतून थोडीशी वीज सोडतो. ती तार लांबवर पॅनलमध्ये जाते. तिथे पुस्तकाएवढी एक पेटी असते, तिला अॅनालॉग इनपुट मॉड्यूल म्हणतात. तिचं काम दूध संकलन केंद्रावरच्या माणसासारखं. दूध आणणाऱ्या अनेक, पण प्रत्येकीचं माप घेऊन वहीत आकडा लिहायचं काम एकाचं. तसंच या पेटीला आठ किंवा सोळा ठिकाणच्या तारा जोडलेल्या असतात. प्रत्येक जोडणीला चॅनल म्हणतात. पेटी प्रत्येक तारेतली वीज मोजते, तिचा आकडा करते आणि कॉम्प्युटरला देते.

ही वीज ४ ते २० मिलीअँपिअर एवढीच असते. टाकी रिकामी असेल तर ४, पूर्ण भरली तर २०, अर्धी असेल तर १२. टाकी दहा मीटर उंच धरली तर ८ म्हणजे अडीच मीटर, १६ म्हणजे साडेसात मीटर.

आम्ही विचारलं, रिकाम्या टाकीला ४ कशाला, शून्य का नाही? हेच तर शहाणपण आहे. मुलगी पहिल्यांदा एकटी पुण्याला निघाली की आपण सांगतो, पोचलीस की फोन कर, काही सांगण्यासारखं नसलं तरी कर. फोन आला नाही तर आपण समजतो की काहीतरी अडलंय. रिकामी टाकीसुद्धा ४ मिलीअँपिअरचा फोन करते, "मी रिकामी आहे, पण मी आहे." शून्य आलं तर टाकी रिकामी नाही. तार तुटलीय किंवा वीज गेलीय. शून्यालाच रिकामी टाकी धरलं असतं, तर तुटलेली तार आणि रिकामी टाकी यांत फरकच कळला नसता. रिकामी समजून कोणी भरायला घेतली असती.

याचाही एक ठरलेला संकेत आहे. जर्मनीतल्या नामूर या संघटनेने तो घालून दिला, त्याला एनई ४३ म्हणतात. वीज ३.८ ते २०.५ च्या दरम्यान असेल तर ते माप. ३.६ किंवा त्याहून खाली गेली, किंवा २१ किंवा त्याहून वर गेली, तर ते माप नव्हे, बिघाडाची खबर. चांगल्या ट्रान्समीटरला स्वतःत बिघाड झाल्याचं कळलं तर तो मुद्दाम या हद्दीबाहेर जातो, म्हणजे आपलं लक्ष जावं.

आता मॉड्यूल आपली तब्येत कशी सांगतं ते पाहू. त्याच्यावर छोटे दिवे असतात. साधारणपणे हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. पण लाल दिवा फक्त हाक मारतो, काय झालंय ते सांगत नाही. ते वाचायला मॉड्यूलमधली नोंद उघडावी लागते. तिच्यात प्रत्येक चॅनलची तक्रार असते. तार तुटली, माप हद्दीखाली गेलं, हद्दीवर गेलं, तारा एकमेकींना चिकटल्या, किंवा पेटीला बाहेरून मिळणारी वीजच गेली.

इथे एक गोष्ट फार जणांना फसवते. ही नोंद पुष्कळदा एकाच आकड्यात येते. समजा आकडा आला ५. नवीन मुलगी म्हणते, पाच ठिकाणी बिघाड. किंवा म्हणते, पाचव्या तारेत बिघाड. दोन्ही चूक. आपण तराजूवाल्या बायका, आपल्याला हे पटकन कळेल. समजा तुमच्याकडे १, २, ४, ८ किलोची एकेकच वजनं आहेत. पाच किलो तांदूळ जोखायला कोणती वजनं ठेवाल? ४ आणि १. दुसरा मार्गच नाही. मॉड्यूलने प्रत्येक चॅनलला असंच एकेक वजन दिलेलं असतं. पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, चौथ्याला ८, पुढे १६, ३२, ६४ आणि १२८. ज्यांची तक्रार आहे त्यांची वजनं पारड्यात पडतात. ५ आले म्हणजे पहिला आणि तिसरा. ४० आले तर ३२ आणि ८, म्हणजे सहावा आणि चौथा. फक्त लक्षात ठेवायचं की पुष्कळ मॉड्यूलवर चॅनलची मोजणी शून्यापासून असते. पहिल्याला 'चॅनल ०' लिहिलेलं असतं, तिसऱ्याला 'चॅनल २'. हे विसरलं की शेजारची चांगली तार सोडली जाते, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

दुसरी फसगत मोठ्या आकड्याची. सीमेन्स कंपनीच्या मॉड्यूलमध्ये पूर्ण माप म्हणजे २७,६४८ हा आकडा येतो. कधी तिथे ३२,७६७ दिसतो. हे टाकी ओसंडून वाहण्याचं माप नव्हे. माप हद्दीच्या पार बाहेर गेलं किंवा वाचताच येत नाही, हे सांगायची ती खूण आहे. मासळीच्या शीतगृहात तापमान मोजायला पीटी-१०० नावाचा सेन्सर लावतात. त्याची तार तुटली की त्याला अतोनात उष्णता भासते. उणे १८ अंशांच्या खोलीत एकदम ८५० अंश दिसले तर आग लागलेली नसते, तार तुटलेली असते. इतका वेडा आकडा आला तर बरंच, कोणालाही शंका येते. पण दोन तारांच्या जोडणीत गंज चढून चार ओहमचा अडथळा वाढला, तर तापमान साधारण दहा अंशांनी जास्त दिसतं. उणे १८ च्या जागी उणे ८. तो आकडा वेडा वाटत नाही. तो फक्त खोटा असतो.

तिसरी फसगत सगळ्यांत गोड बोलणारी. तार तुटली की काही ठिकाणी शेवटचा चांगला आकडाच पडद्यावर धरून ठेवायची सोय केलेली असते. त्यामागे कारण आहे. एका तारेपायी सगळं काम एकदम बंद पडू नये. पण बिघाडाची खूण कोणी पाहिली नाही, तर पडद्यावर सहा मीटर दिसत राहतात आणि टाकीत काय चाललंय ते कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय तार तुटल्याची तपासणी काही मॉड्यूलमध्ये आपणहून चालू नसते, बसवताना ती चालू करावी लागते. चालू केली नसेल तर दिवा हिरवाच राहतो. म्हणून आमच्या मैत्रिणी म्हणतात, हिरवा दिवा बघितला की आधी विचारायचं, याला काय तपासायला सांगितलंय?

आता आमच्या घरातलीच गोष्ट. आमच्यातली एक पावसाळ्यात रात्रपाळीला होती. कुठे, ते सांगत नाही. जहाजातून पामतेल टाकीत उतरत होतं. टाकी दहा मीटरची, भरायची मर्यादा ९.२ मीटर. आकडा छान वर चढत होता. सात, साडेसात, आठ. ८.१ वर आला आणि थांबला. कसलाही अलार्म नाही, मॉड्यूलवर हिरवा दिवा. वीज होती १७ मिलीअँपिअर, म्हणजे ३.८ आणि २०.५ च्या अगदी आत. मॉड्यूलच्या दृष्टीने सगळं क्षेम.

हिचं लक्ष आकड्याकडे नव्हतं, रेषेकडे होतं. पडद्यावर आलेखाची रेषा चढत चढत आली आणि वीस मिनिटं आडवी झाली. पंप तर चालूच. ती म्हणाली, "पाणी भरतंय आणि हंडा भरत नाही, असं कसं?" तिने उतारणी थांबवायला लावली. वर माणूस पाठवून डिप टेप टाकला. डिप टेप म्हणजे वजन लावलेली मोजपट्टी, ती टाकीत सोडून तेलाची खूण बघतात. टेपवर ८.४ आलं. पडद्यावर अजून ८.१ च.

बिघाड निघाला टाकीजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये. झाकणाचं रबर सैल होतं, खारी हवा आणि पावसाचं पाणी आत गेलं होतं, जोडणीवर हिरवट गंज चढला होता. आता हे नीट समजून घ्या. नळाच्या पाइपात गाळ साचला की थोडं पाणी हवं असेल तर ते येतं, पण तोटी पूर्ण सोडली तरी एका हद्दीपलीकडे धार वाढत नाही. तसंच झालं. टाकी अर्धी असताना कमी वीज लागत होती, ती गंजातूनही निघून जात होती. टाकी भरत आली तशी जास्त वीज लागली, तेव्हा गंजाने वाट अडवली. म्हणजे आकडा रिकाम्या टाकीला खरा, अर्ध्या टाकीला खरा, आणि नेमका भरलेल्या टाकीला खोटा. ज्या वेळी खऱ्या आकड्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याच वेळी.

तिला दुसऱ्या दिवशी कोणी शाबासकी दिली नाही. जहाज खोळंबलं म्हणून आधी बोलणीच खाल्ली. पण जंक्शन बॉक्स उघडल्यावर बोलणारे गप्प झाले.

आपल्याला वाटेल, वीस मिनिटांनी काय होतं? इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला बन्सफील्ड नावाचा इंधनाचा साठा होता. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी तिथे ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमाराला टाकीचं माप दाखवणारा गेज अडकला. पडद्यावरचा आकडा जागेवर थांबला, पेट्रोल चढत राहिलं. उंची वाढल्याचे अलार्म होते, पण ते त्याच गेजच्या आकड्यावर अवलंबून होते. गेज गप्प, म्हणून तेही गप्प. शेवटचा उपाय म्हणून वेगळा एक स्विच होता. तोही नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे चालला नाही. साडेपाचनंतर पेट्रोल टाकीवरून सांडायला लागलं. सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट होती, कामावर माणसं कमी होती, म्हणून कोणी दगावलं नाही. पण ४३ जण जखमी झाले आणि आजूबाजूच्या इमारतींची दैना झाली. पुढे चौकशीत कळलं की हा गेज ऑगस्टच्या शेवटापासून १४ वेळा अडकला होता. दर वेळी तो तात्पुरता सुरू केला गेला. का अडकतो, याच्या मुळाशी कोणी गेलं नाही.

मैत्रिणींनो, चौदा वेळा. दर वेळी कोणीतरी तो पुन्हा चालू केला आणि हुश्श म्हटलं. आपल्या अंगावर असं दुखणं कितीदा येतं आणि आपणही असंच हुश्श म्हणतो, ते तुम्हाला सांगायला नको.

३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. त्या आगीचा आजच्या विषयाशी संबंध आम्ही जोडत नाही. पण त्या सकाळी आपण सगळ्यांनी धूर पाहिला. कुंपणाच्या आतलं आतच राहत नाही, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

मग या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? मॉड्यूल उघडायचं काम ज्यांना शिकवलंय त्यांचं. त्यांनाही नियम आहे की तार सोडण्याआधी कंट्रोल रूमला कळवायचं, नाहीतर चालतं काम अचानक बंद पडतं. पण तीन प्रश्न आपण कुणीही विचारू शकतो. आमच्या गटाने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

पहिला प्रश्न, हा आकडा आत्ताचा आहे की मघाचा? दुसरा, हलायला हवा तेव्हा तो हलतो का? तिसरा, याला दुसरा साक्षीदार कोण?

हे प्रश्न बंदरापुरते नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींचा फ्रिज असतो. त्यात २ ते ८ अंश राखावे लागतात आणि दिवसातून दोनदा तापमान लिहायचं असतं. तक्त्यावर महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४ लिहिलं असेल तर आनंद मानू नका. मधे वीज गेली होती, तेव्हाही ४ च? खरं तापमान थोडं तरी खालीवर होतं. न हलणारा आकडा म्हणजे अडकलेलं यंत्र, नाहीतर न बघता लिहिणारा हात. तिथल्या सिस्टरना भांडून नाही, आपुलकीने विचारा, "ताई, आत दुसरा थर्मामीटर ठेवलाय का?" आपल्याच लेकरांना टोचायची लस आहे ती.

गावच्या पाण्याच्या टाकीवर दर्शक बसवला असेल तर पाणी सोडल्यावर त्याचा आकडा उतरतो का ते बघा. उतरत नसेल तर पाणी समितीच्या बैठकीत बोला. पावसाळ्यानंतर एकदा त्याच्या जोडणीचं झाकण उघडून बघायला सांगा. आपल्याकडची खारी हवा भांड्याला सोडत नाही, तारेला कशी सोडेल?

आणि बंदराच्या बाजूच्या गावांसाठी एक. धोकादायक रसायनांबाबत १९८९ चे नियम आहेत. त्यांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना सांगायला हवं की धोका कोणता आणि अपघात झाला तर काय करायचं. ग्रामसभेत हे मागता येतं. मागताना एक जास्तीचा प्रश्न विचारा. टाकी भरून वाहू नये म्हणून जो अलार्म आहे, तो त्याच गेजवर अवलंबून आहे की वेगळा आहे? आणि तो शेवटचा कधी तपासला? पहिल्यांदा समोरचे साहेब चमकून बघतील. बघू द्या. हे गावच्या बाईने विचारलं म्हणजे पुढच्या वेळी ते उत्तर घेऊन येतील.

घरात दहावी-बारावी झालेली मुलगी असेल तर तिला आयटीआयमधला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स दाखवा. हे काम ताकदीचं कमी आणि लक्ष देण्याचं जास्त आहे. दुधाला उकळी यायच्या आधी जिचा हात गॅसकडे जातो, तिला आडवी झालेली रेषा दिसते.

त्या रात्री टाकीवर जी थांबली, तिला आम्ही विचारलं, सगळे दिवे हिरवे असताना तुला शंका कशी आली? ती म्हणाली, "आई थर्मामीटर बघायची, आणि मग कपाळाला हातही लावायची."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातला कुठला आकडा बरेच दिवस हललेला नाही, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.